ऊसतोडणी यंत्राची सेवा : टन, पाचट आणि चालवणारी माणसे

ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुरत नाहीत, हंगाम आखडत चाललाय, कारखान्याकडे नोंदवलेला ऊस तुरा टाकून वाळायला लागतो आणि अशा वेळी कारखान्याचा चिटबॉय (गावातली तोडणी लावणारा कर्मचारी) विचारतो, "यंत्र पाठवू का?" पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात आता हा प्रश्न बहुतेक ऊस उत्पादकांना पडतो. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. पाच-दहा यंत्रे एकदम लावणाऱ्या कारखान्यांच्या शेतकी विभागासाठीही आहे, कारण सेवेचा दर्जा शेवटी करार लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

निकाल आधीच सांगतो. योग्य शिवारात यंत्राची तोडणी कोयत्याच्या तोडीस तोड होते, आणि पाचट (उसाचा वाळला पाला) रानातच राहत असल्याने जमिनीसाठी उजवीही ठरते. पण एकाच बनावटीची दोन यंत्रे एकाच गावात दोन तऱ्हेचे काम करतात. एकामागे खोडवा (तोडलेल्या खुंटांतून येणारे पुढचे पीक) जोमाने फुटतो, दुसऱ्यामागे खुंट चिरतात आणि गाडीत निम्मा पाला जातो. हा फरक बहुतेक वेळा लोखंडाचा नसतो. चालक किती तास सलग बसलाय, पाती बदलायला त्याला वेळ मिळतो का आणि त्याची मजुरी कशावर ठरते, यावर तो पडतो. म्हणून यंत्राची किंमत आणि ताकद पाहण्याइतकेच त्यावरच्या माणसांची व्यवस्था पाहणे गरजेचे आहे.

यंत्र काय करते

आपल्याकडे शिवारात जास्त दिसतात ती शक्तिमान आणि न्यू हॉलंड ऑस्टॉफ्ट या नावांची, पावणेदोनशे हॉर्सपॉवरच्या आसपासची तुकडे करणारी यंत्रे. वर टॉपर शेंडा छाटतो. पुढचे दोन फिरते स्क्रू आडवातिडवा ऊस सरळ करून आत घेतात, नॉकडाउन रोलर तो पुढे वाकवतो आणि खाली एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन चकत्यांवरची पाती जमिनीलगत कापतात. हाच बेस कटर, यंत्राचा जीव. पुढे रोलरच्या रांगेतून ऊस चॉपरकडे जातो, तिथे वीतभर लांबीचे तुकडे पडतात, एक्स्ट्रॅक्टर फॅन पाला बाहेर फेकतो आणि एलिव्हेटर तुकडे शेजारून चालणाऱ्या इनफिल्डरमध्ये, म्हणजे शेतातच फिरणाऱ्या उपड्या होणाऱ्या गाडीत, टाकतो. इनफिल्डर बांधावर जाऊन मोठ्या गाडीत ओततो.

या साखळीत दोन गोष्टी नाजूक आहेत: पाती आणि फॅन.

पात्यांची धार गेली की बेस कटर कापत नाही, तोडतो. खुंट उभा चिरतो, मुळासकट हलतो, चिरेतून बुरशी आत शिरते आणि खोडव्यात नांग्या (रिकाम्या जागा) पडतात. खडी किंवा गोटे असलेल्या रानात पाती एका पाळीतही बोथट होतात, मऊ काळ्या रानात जास्त टिकतात. एका बाजूची धार गेली की पाते उलटून लावायचे आणि दोन्ही बाजू संपल्या की बदलायचे. दोन्ही चकत्यांवरची पाती एकदमच बदलावीत. एकच नवे घातले तर तोल जातो, चकती थरथरते आणि बेअरिंगवर ताण येतो. काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, पण टनावर पैसे मिळणारा चालक ते उद्यावर ढकलतो, कारण तेवढ्या वेळात पाच-सहा टन बुडतात. ते शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. दोन महिन्यांनी खोडवा विरळ दिसला की दोष पाण्याला आणि खताला जातो.

तपासायला सोपे आहे. यंत्र दोन-तीन सऱ्या काढून पुढे गेले की मागे दहा मीटर सरीत पाचट बाजूला करून खुंट पाहा. दोन बोटांपेक्षा उंच खुंट राहत असेल तर बेस कटर वर धरलाय आणि बुंध्याकडचा साखरेचा भाग रानात राहतोय. चिरलेले किंवा उपटलेले खुंट जागोजाग दिसले तर तिथेच यंत्र थांबवून पाती पाहायला सांगा. पूर्ण प्लॉट संपल्यावर सांगून उपयोग नाही.

फॅनचे उलट आहे. वेग कमी ठेवला तर गाडीत पाला जातो, वाढवला तर पाल्याबरोबर उसाचे तुकडेही बाहेर उडतात. रानात दहा चौरस मीटरची जागा आखून फॅनने फेकलेले तुकडे गोळा करा आणि वजन करा. एक किलो भरले तर हेक्टरी एक टन, म्हणजे एकरी चारशे किलो ऊस गेला. टनाला तीन हजार रुपये धरले तर एकरी बाराशे रुपये. पहाटे दवाने पाला ओला असताना फॅनचा वेग वेगळा लागतो, दुपारी कोरडा झाला की कमी करावा लागतो. हे जाणणारा चालक तीन-चार हंगामांतून तयार होतो, आठवड्याच्या प्रशिक्षणातून नाही.

रान यंत्रासाठी तयार असावे लागते

तीन फुटी सरीत यंत्र घालू नका. एक चाक सरीत आणि दुसरे खोडावर, शिवाय मागून भरलेला इनफिल्डर तिथूनच जाणार. खोडवा संपला असे समजा. साडेचार ते पाच फुटी सरी हवी, आणि ती लागणीच्या दिवशीच ठरते. जोडओळीची पट्टा पद्धतही चालते, पण दोन ओळींतले अंतर बेस कटरच्या तोंडात मावेल इतकेच ठेवायचे. मोठी बांधणी करताना दोन्ही बाजूंनी सारखी भर लावा. वरंबा एकीकडे उंच आणि दुसरीकडे बसका असला तर पाती एका बाजूला माती कापतात, दुसरीकडे खुंट सोडतात. माती कापणारे पाते लवकर बोथट होते, ती माती गाडीत जाते आणि मग काट्यावर वाद.

सरी जितकी लांब तितके वळणे कमी. शंभर मीटरच्या आतल्या सऱ्यांमध्ये यंत्राचा निम्मा वेळ वळण्यातच जातो. दोन्ही टोकांना पंधरा ते वीस फूट वळणाची जागा लागते. ती नसेल तर तेवढा ऊस आधी कोयत्याने काढून घ्यावा, आणि त्या मजुरीचे आधी बोलून घ्यावे. भारी काळ्या जमिनीत तोडणीपूर्वी तीन आठवडे, मध्यम जमिनीत पंधरवडाभर पाणी तोडा. ठिबकच्या नळ्या वर पसरलेल्या असतील तर गुंडाळून घ्याव्या लागतात. जमिनीत सहा इंच खोल पुरलेल्या असतील तर बहुधा बचावतात. विहिरीच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, सर्व्हेचे दगड, जुन्या बांधातले गोटे यांवर झेंड्या लावा. शेतावरून वीजवाहिनी लोंबत असेल तर चालकाला ती जागा दिवसाउजेडी स्वतः दाखवा, कारण उचललेला एलिव्हेटर आणि उपडा होताना उभा राहणारा इनफिल्डर तारेपर्यंत पोहोचतो.

एक-दोन एकरांचे विखुरलेले तुकडे ही खरी अडचण आहे. यंत्र एका गावातून दुसऱ्या गावात नेण्यात अर्धा दिवस जातो. शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच जातीची, जवळजवळ एकाच तारखेची लागण केली आणि एकत्र नोंद दिली, तर कारखाना तिथे यंत्र आनंदाने पाठवतो. अशा गटाला दर आणि वेळ या दोन्ही बाबतीत बोलता येते, एकट्याला येत नाही.

वजावटीचा प्रश्न

यंत्राच्या उसावर पाचटापोटी साधारण साडेचार ते पाच टक्के वजावट धरली जाते. पन्नास टनांवर साडेचार टक्के म्हणजे सव्वादोन टन. ही सरसकट वजावट या सेवेतला सर्वांत खटकणारा भाग आहे. ज्याने फॅन नीट लावला, पाती धारदार ठेवली, शेंडे बरोबर छाटले, त्याच्या गाडीलाही तेवढीच कात्री आणि ज्याने पाला भरून पाठवला त्यालाही तेवढीच. चांगल्या कामाचे मोल शून्य. मग चालकाने काळजी का घ्यावी?

खरे पाचट किती ते शेतातच काढता येते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी इनफिल्डरमधून वेगवेगळ्या थरांतून पंचवीस किलोचा नमुना काढा. पाला, शेंडे, मुळ्या आणि माती वेगळी करून तोलकाट्यावर वजन करा. सव्वा किलो भरली तर पाच टक्के, अर्धा किलो भरली तर दोन. तिन्ही नमुन्यांची सरासरी चिटबॉयसमोर काढा आणि नोंदवून ठेवा. एकट्याच्या नोंदीवर कारखाना वजावट बदलणार नाही, पण गावातल्या वीस जणांच्या नोंदी समोर असल्या तर शेतकी अधिकाऱ्याला बोलावे लागते. कारखान्यांनी सरासरी वजावट सोडून गाडीगणिक नमुना घ्यावा, आणि पाचट ठरलेल्या टक्क्याच्या खाली आले तर टनामागे काही रुपये जास्त यंत्रमालकाला आणि त्यातला ठरलेला भाग थेट चालकाच्या खात्यात द्यावा. उत्पादकता आणि मजुरी एकमेकांना बांधायची ती अशी. नुसते जास्त टन काढण्याला बक्षीस लावले तर पाला आणि अपघात दोन्ही वाढतात.

तुकडे केलेल्या उसाला दुसरी घाई असते. दोन्ही टोके उघडी असल्याने जिवाणू आत शिरतात, साखर आंबते आणि साखरेचा उतारा पडतो. अख्खा ऊस दिवसभर थांबू शकतो, तुकड्यांनी तेवढा वेळ थांबू नये. ते त्याच दिवशी गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागी) पडायला हवेत. गव्हाण बंद असताना यंत्र चालू ठेवणे म्हणजे कारखान्याने स्वतःचे नुकसान करून घेणे आहे. यंत्राच्या गाड्यांना वेगळी रांग देणारा कारखाना निवडायला मिळाला तर तोच निवडा.

तास कुठे जातात

चांगल्या उभ्या उसात ताशी दहा-बारा टन निघतात. त्या हिशेबाने शंभर टनांना नऊ-दहा तास पुरेत. प्रत्यक्षात तेवढ्याला सोळा तास लागताना दिसतात. मधले सहा तास इनफिल्डरची वाट पाहण्यात, मोठी गाडी कारखान्यावर अडकण्यात, चोक (यंत्रात अडकलेला ऊस-पाला) काढण्यात आणि वळण्यात जातात. यंत्रमालक बहुतेक वेळा यावर एकच उपाय करतो: चालकाला आणखी बसवतो. रात्री दोनपर्यंत एकच माणूस कॅबिनमध्ये, पहाटे पुन्हा तोच.

हा उपाय महागात पडतो. थकलेला माणूस बेस कटरची उंची सारखी पाहत नाही, चोक आला तर इंजिन बंद न करता हात घालतो, आणि इनफिल्डर मागे घेताना कडेला चालणारा हेल्पर त्याच्या नजरेतून सुटतो. त्याऐवजी एका यंत्रामागे दोनऐवजी तीन इनफिल्डर आणि कारखान्याच्या काट्यावर त्यांच्या मोठ्या गाड्यांना ठरलेली वेळ दिली, तर वाट पाहण्याचे दोन-तीन तास वाचतात आणि तेवढेच टन दोन माणसांच्या दहा-दहा तासांच्या पाळीत निघतात. यंत्रमालकाने महिनाभर एका वहीत तीनच रकाने ठेवावेत: कापण्याचे तास, वळण्या-हलवण्याचे तास, थांबण्याचे तास आणि प्रत्येक थांब्यापुढे कारण. त्या वहीतून गळती आपोआप दिसते.

कर्जाचा दाब मात्र खरा आहे. यंत्राची किंमत एक कोटीच्या पुढे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून महाराष्ट्राने २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते. एक कोटीच्या यंत्रावर ३५ लाख अनुदान गेले आणि उरलेले ६५ लाख दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी मुद्दल तेरा लाख आणि व्याज साडेसहा लाख, म्हणजे साडेएकोणीस लाख रुपये द्यावे लागतात. हंगामात बारा हजार टन काढले तर टनामागे सुमारे १६३ रुपये, आठ हजारच निघाले तर सुमारे २४४. यात टनाला दीड लिटरच्या आसपास, आडव्या उसात त्याहून जास्त डिझेल, पाती, हायड्रॉलिक पाइप, तेल, पगार आणि इनफिल्डर अजून धरलेले नाहीत. हंगाम शंभर दिवसांच्या खाली आला की बारा हजार टनांचे गणित कोलमडते आणि मालक त्याची भरपाई चालकाच्या झोपेतून करतो. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी कारखान्याकडून हंगामाच्या किमान टनांची लेखी हमी घ्या. तोंडी आश्वासनावर कोटीचे कर्ज काढू नका.

कोयता : ज्याची जागा यंत्र घेते

यंत्राचे परीक्षण कोयत्याशिवाय पुरे होत नाही, कारण कोयता "स्वस्त" का वाटतो ते कळले पाहिजे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बीड, अहिल्यानगरचा पाथर्डी भाग, जालना, परभणी, जळगाव, नाशिकच्या काही तालुक्यांतून या जोड्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीने रोज दोन टन धरले तर ७३२ रुपये, माणशी ३६६. १२० दिवसांत २४० टन, म्हणजे सुमारे ८८ हजार रुपये. उचल लाखाची असेल तर हंगाम संपताना जोडीच्या डोक्यावर बाकी उरते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून जे चार पैसे मिळतात त्यावर बाजारहाट चालतो. आजारी पडले तर खाडा (गैरहजेरी), आणि खाड्याची रक्कम हिशेबातून कापली जाते.

पहाटे अंधारात तोडणी सुरू, दिवसभर मोळ्या बांधणे, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरणे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. फळी दवाने ओली असते. बाईच्या मजुरीची वेगळी नोंद कुठेच नसते. हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. दुखण्याचा दिवस खाड्यात जातो आणि खाडा परवडत नाही, अशा हिशेबात शरीराचे काय होते ते या आकड्यात आहे. तोडणी स्वस्त पडते, कारण तिचा मोठा खर्च या बायकांच्या अंगावर लिहिला जातो.

म्हणून "यंत्राने गरिबांच्या पोटावर पाय आणला" हे वाक्य आम्हाला अपुरे वाटते. हे काम आहे तसे टिकवावे, असे कोणी म्हणू नये. पण यंत्राने आपोआप बरे होते, हेही खरे नाही. रोज शंभर टन काढणारे यंत्र पन्नास कोयते, म्हणजे शंभर माणसे मोकळी करते आणि त्यावर काम मिळते ते दहा-एक जणांना: दोन चालक, दोन हेल्पर, इनफिल्डर आणि गाड्यांचे चालक, एखादा मेकॅनिक. हे दहाही बहुधा पुरुष. पन्नास बायकांचा रोजगार जातो आणि त्यांच्यासाठी यंत्रावर एकही जागा ठेवलेली नसते.

इथे कारखाने आणि शासन यांना करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काही सुरूही आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यासाठी गाळपावर टनामागे दहा रुपये घेतले जातात. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ४१ तालुक्यांत मुलांचे आणि मुलींचे मिळून ८२ वसतिगृहांची आखणी आहे. आमची सूचना यातून पुढची आहे. अनुदानातून आलेल्या प्रत्येक यंत्रामागे किमान दोन चालक-हेल्पर ऊसतोड कुटुंबांतले घ्यावेत आणि त्यांतली एक बाई असावी. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिकचे शिक्षण ऑफ-सीझनला, एप्रिल ते सप्टेंबर, विद्यावेतनासह द्यावे. कॅबिनमधल्या कामाला दंडाची ताकद लागत नाही. पाचटाचा नमुना काढणे, काट्यावरची नोंद, इनफिल्डरच्या फेऱ्या लावणे, यंत्रानंतर रानात राहिलेला ऊस वेचणे, नांग्या भरणे, पाचट कुट्टी आणि बेणेमळा ही कामे पगारी आणि दिवसाउजेडीची आहेत. यंत्र आल्याने ती वाढतात; त्यांवर कोणाला घ्यायचे हे आधी ठरवावे लागते.

मधला पर्याय : ग्रॅब लोडर

सगळे लक्ष मोठ्या यंत्राकडे जाते आणि मोळी उचलणाऱ्या ग्रॅब लोडरकडे कोणी पाहत नाही. लहान आणि तिरप्या प्लॉटमध्ये, तीन फुटी सरीत, जिथे मोठे यंत्र जाऊच शकत नाही, तिथे तोडणी कोयत्याने आणि भरणी लोडरने, ही जोडणी आमच्या मते सर्वांत हिशेबी आहे. ऊसतोडणीतला सर्वांत जड आणि धोक्याचा भाग, म्हणजे डोक्यावरची मोळी आणि ओली फळी, यातून संपतो. रात्रीची भरणी वाचल्याने जोडी दुसऱ्या दिवशी जास्त तोडते. ट्रकही शेतात कमी वेळ अडकतो.

दोष एकच, पण मोठा. चालकाने पंजा जमिनीला घासला तर उसाबरोबर माती आणि गोटे येतात, आणि मग गव्हाणीपासून मिलच्या रोलरपर्यंत सगळीकडे तक्रार. उपाय सोपा आहे: तोडलेला ऊस सरीत विस्कटून न टाकता दर चार-पाच सऱ्यांमागे आडव्या टिपऱ्यांवर ढीग लावायचा, म्हणजे पंजा खालून मोकळा जातो. हे जास्तीचे काम तोडणाऱ्यांना करावे लागते, तेव्हा लोडर आला म्हणून टनाचा दर कापणे चूक आहे. असे होताना दिसते. भरणीची मजुरी वजा करायची आणि ढीग लावण्याची धरायचीच नाही, असा हिशेब लावला की टोळी लोडरला विरोध करते, आणि तो रास्त असतो.

सुरक्षितता

चोक काढताना होणारे अपघात टाळता येणारे आहेत. क्रम ठरलेला आहे: रोटर बंद, टॉपर आणि एलिव्हेटर खाली, इंजिन बंद, किल्ली काढून चोक काढणाऱ्याच्या खिशात, फिरणारे भाग पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे आणि मगच झाकण उघडायचे. किल्ली कॅबिनमध्ये राहिली तर आतला माणूस चुकून सुरू करतो. हायड्रॉलिक पाइपची गळती बोटाने शोधू नये. दाबाखालचे तेल कातडीतून आत जाते आणि जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. इंजिनभोवती आणि सायलेन्सरवर साचलेले पाचट दर पाळीला हवेने झाडावे, नाहीतर दुपारी आग लागते. दोन अग्निशामक सिलिंडर यंत्रावर आणि पाण्याचा टँकर बांधावर असावा. इनफिल्डरच्या मागे चालण्यास हेल्परला सक्त मनाई.

करार करताना

शेतकऱ्याने यंत्र आल्यावर पहिल्यांदा चालकाशी बोलावे. पाळी किती तासांची, दुसरा चालक आहे का, पाती कधी बदलली, पगार महिन्याचा की टनाचा. नुसत्या टनावर असेल आणि दुसरा चालक नसेल तर रात्री दहानंतर तुमच्या रानात यंत्र चालवू देऊ नका, मग चिटबॉय काहीही म्हणो. "एंट्री" किंवा खुशाली म्हणून एकरी पैसे मागितले तर देऊ नका आणि साखर आयुक्तालयाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार करा. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या बिलातून आधीच कापलेला असतो. पण चालक-हेल्परना पाणी, सावली आणि जेवणाची वेळ द्या. ती खुशाली नाही.

कारखान्याने यंत्रमालकाशी करार करताना दर टनावर ठेवावा, मात्र चालक-हेल्परची मूळ मजुरी महिन्याची असावी आणि बँकेत जमा व्हावी. पाचट ठरलेल्या पातळीखाली राहिल्याचा आणि खुंट नीट राहिल्याचा बोनस त्यावर वेगळा. एका माणसाची पाळी दहा तासांच्या वर नको. अपघात विमा यंत्राचा असतोच, माणसांचाही हवा आणि त्याची प्रत शेतकी विभागाकडे हवी. मुक्कामाच्या तळावर संडास, पिण्याचे पाणी आणि दिवा, मग राहणारे यंत्राचे लोक असोत की कोयत्याची टोळी. कारखान्याच्या ज्या गटात (कार्यक्षेत्राच्या भागात) यंत्र आणले त्या गटातल्या टोळ्यांना हंगामाच्या मध्यावर अचानक परत पाठवू नये. उचल आधीच अंगावर असते आणि दिवस तुटले की ती फिटत नाही. यंत्र कुठल्या गटात चालणार ते टोळ्या भरण्याच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्येच, मुकादमांना आणि वाहतूकदारांना कळवावे.

गुणांकन द्यायचेच तर पाच फुटी सरी, लांब प्लॉट, दोन चालक आणि गाडीगणिक पाचट मोजणारा कारखाना असेल तिथे या सेवेला दहापैकी आठ. तीन फुटी सरीत, एका चालकावर आणि सरसकट वजावटीवर तीन. ग्रॅब लोडर अधिक कोयता या जोडणीला, दर न कापता, साडेसात.